विहिरीची ना-हरकत

वाशिम जिल्ह्यात नवा पेट्रोल पंप उभा राहावयाचा असला म्हणजे कागदांची एक लांबलचक यात्रा सुरू होते. शेत अकृषक करून घ्यावे लागते. रस्ता ज्या खात्याचा, त्या खात्याची परवानगी लागते. पोलीस, तहसील, ग्रामपंचायत यांचे अभिप्राय गोळा होतात. जिल्हाधिकारी पेट्रोलियम नियम, २००२ मधील १४४ व्या नियमाखाली ना-हरकत प्रमाणपत्र देतात आणि शेवटी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना परवाना देते. या यात्रेत जमिनीचीही परीक्षा होते. काळी जमीन छताचे खांब आणि टाकीचे वजन पेलेल काय, पाया किती खोल न्यावा, माती किती काढून तिथे किती मुरूम भरावा, याचा अहवाल अभियंता देतो. वरचे ओझे जमीन पेलेल की नाही, एवढे त्यातून कळते. वरचे द्रव्य खाली झिरपले तर जमीन ते कोठे नेऊन सोडील, हा प्रश्न त्या अहवालाच्या कक्षेतच येत नाही. पंपाच्या उताराला ज्याची विहीर आहे त्याची हरकत आहे किंवा नाही, हे विचारणारा रकाना या साऱ्या चळतीत सहसा सापडावयाचा नाही.

जिल्ह्यातील अमुक एका पंपाखाली गळती आहे, असा आरोप करण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. गळती असती, तर ती कोणाला कळली असती काय? देशातील पेट्रोल पंपांची संख्या दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होऊन २०२५ च्या अखेरीस एक लाखावर गेली. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. अकोल्याहून वाशिममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाची वाहतूक वाढली आहे. ट्रॅक्टर, मळणीयंत्रे आणि मोटारसायकली खेडोपाडी पोहोचल्या, तसे पंपही तालुक्याचे ठिकाण सोडून फाट्याफाट्यांवर आले. शेतकऱ्याला सोयाबीनच्या हंगामात डिझेलसाठी वीस किलोमीटर जावे लागू नये, हे रास्तच आहे; त्याला विरोध करण्याचा करंटेपणा कोणी करणार नाही. परंतु पंप फाट्यावर आला म्हणजे तो नळयोजनेच्या शहरातून निघून विहिरीवर जगणाऱ्या वस्तीत आला, याची नोंद मात्र कोणी घेतलेली नाही. वाशिम शहराला एकबुर्जी धरणाचे पाणी आहे. फाट्यावरच्या वस्तीला विहीर आहे, हापसा आहे, आणि उन्हाळ्यात ती दोन्ही आटली म्हणजे टँकरची वाट आहे.

वाशिमची जमीन कशी आहे हे येथे विहीर खोदणारा मजूर नेमके सांगेल. वर कोठे हातभर, तर नदीकाठी पुरुषभर काळी माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम. मुरमाखाली त्याच्या भाषेत मांजऱ्या, म्हणजे कुजत आलेला, छिद्रांचा दगड. आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, त्याच थरांवर हा जिल्हा वसलेला आहे. गंगेच्या मैदानात वाळूच्या कणाकणांत पाणी पसरलेले असते. येथील अखंड कातळात ते नसतेच. ते असते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत, कातळाच्या चिरांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणूनच एकाच्या विहिरीला तीस फुटांवर झरा लागतो आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याची साठ फुटांवर कोरडी जाते. शिवाय हा जिल्हा पाण्याच्या उगमाचा आहे. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या येथे जन्म घेतात आणि पुढे जातात. काटेपूर्णेवर महानला धरण बांधून अकोला शहराची तहान भागवली जाते. उगमाच्या प्रदेशाला नदीचा मोठा प्रवाह कधीच लाभत नाही. त्याच्या वाट्याला येते ते मुरमात आणि चिरांत अडकलेले पाणीच, आणि हा साठा मुळातच तुटपुंजा आहे.

आता याच मुरमात टाकीचा खड्डा कसा जातो, ते पाहावे. दहा-वीस हजार लिटरची पोलादी टाकी पुरावयाची म्हणजे चार-साडेचार मीटरचा खड्डा घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो काळ्या मातीचा थर भेदून थेट मुरमात उतरतो. काळी माती चिकण आहे, ती पाणी धरून ठेवते तसे तेलही धरून ठेवील, असा एक दिलासा काही जाणते लोक देतात. तो अर्धा खरा आहे. पावसाळ्यात ही माती फुगते आणि घट्ट मिटते. वैशाखात तिला काठी बुडेल अशा भेगा पडतात. भेग ही तेलाला पन्हळीसारखी असते. आणि टाकी मुळातच मातीच्या खाली असेल, तर वरच्या मातीच्या चिकणपणाचा उपयोग काय? उलट या मातीच्या फुगण्या-आकसण्याचा ताण दरवर्षी टाकीकडून यंत्राकडे जाणाऱ्या नळ्यांवर आणि त्यांच्या सांध्यांवर पडतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी चढते. रिकामी टाकी त्या पाण्यावर तरंगून वर उचलली जाऊ नये म्हणून तिला पट्ट्यांनी तळाशी जखडून ठेवावे लागते. म्हणजे टाकी बसविणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते की भूजल तिच्या अंगाला लागणार आहे.

गळती म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर फुटलेला टँकर आणि रस्त्यावर वाहणारे पेट्रोल येते. जमिनीखालची गळती अशी नसते. एखाद्या गंजल्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब पडतो असे धरले, तर दिवसाला चार लिटर होतात आणि वर्षाला दीड हजार. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपावर, उन्हाने पेट्रोल उडते आणि थंडीने आकसते अशा ठिकाणी, डिपस्टिकच्या मोजणीत हे चार लिटर कोठे उमटणार? ते घटीच्या खात्यात जिरून जातात. उमटलेच, तर संशय आधी नळीवर जात नाही. नळी हातात धरून उभ्या असलेल्या पंपावरच्या पोरावर जातो. ज्या कामगाराच्या फुप्फुसात पेट्रोलची वाफ दिवसभर जाते, त्यालाच तुटीचाही जाब द्यावा लागतो. या उद्योगातील श्रमविभागणी अशी आहे.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. ते भूजलाला पोहोचले की त्यावर तवंगासारखे पसरते. तवंग दिसतो, त्याला वास येतो, म्हणून विहीर सोडून तरी देता येते. खरा धोका त्यातून पाण्यात विरघळणाऱ्या बेंझीनचा आहे. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद मान्य केलेले आहे. भारतीय पेट्रोलमध्ये ते आकारमानाने एक टक्क्यापर्यंत असू शकते, आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाखाव्या भागाइतकी ठरविली आहे. कागदावरचे गणित मांडले, तर एक लिटर पेट्रोलमधले बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडविण्यास पुरेसे ठरते. प्रत्यक्षात ते सगळे पाण्यात उतरत नाही. काही उडून जाते, काही मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. निसर्गाने ही एक सोय ठेवलेली आहे. परंतु पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठल्यापासून या सोयीलाही बाध येतो. जिवाणूंना इथेनॉल अधिक रुचते. ते आधी त्याचा फडशा पाडतात, त्यात जमिनीतला प्राणवायू संपवितात, आणि बेंझीन मागे राहून अधिक दूर जाते. उसाला भाव मिळावा म्हणून झालेल्या धोरणाची ही भूमिगत बाजू कोणत्याही जाहिरातीत आलेली नाही. आणि ज्या जुन्या पंपांची जमीन १ फेब्रुवारी २००० पूर्वीची आहे, तिथे शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते, हेही ध्यानात ठेवावे लागेल.

अशी विहीर बिघडली तर गावाला कळणार कसे? बेंझीनचा वास पाण्यात जाणवू लागतो तोपर्यंत ते मर्यादेच्या शेकडो पटींनी वाढलेले असते. ग्रामपंचायतीला मिळालेली पाणी तपासण्याची पेटी फ्लोराईड, नायट्रेट, लोह, क्षार, जडपणा सांगते. बेंझीन तिला दिसत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे महागडे यंत्र लागते. शिवाय कातळाच्या चिरा सरळ रेषेत जात नाहीत. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ राहावी आणि दोनशे मीटरवरची बिघडावी, असे येथे घडू शकते. मग त्या दुसऱ्या विहिरीच्या मालकाने कोणाकडे बोट दाखवावे? टाकी कधी पुरली, कोणत्या जातीची, सांधे कधी तपासले, रोजची घट किती, हे सारे कागद कंपनीपाशी आणि पंपचालकापाशी. आणि सिद्ध करण्याचा भार मात्र ज्याच्यापाशी बादली आणि दोर आहे त्याच्यावर. न्यायाच्या तराजूचे एक पारडे असे आधीच जमिनीला टेकलेले आहे.

कायदा नाही असे नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने भूगर्भातील पाण्यालाही प्रवाहाच्या व्याख्येत घेतले आणि त्याच्या २४ व्या कलमाने प्रवाहात, विहिरीत वा जमिनीवर विषारी द्रव्य सोडण्यास मनाई केली. पण त्या कलमात एक शब्द घालून ठेवला आहे : जाणूनबुजून. गंजलेला सांधा जाणूनबुजून गळत नाही. जो मोजत नाही त्याला कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याने जाणूनबुजून काही केले असे म्हणता येत नाही. अज्ञान हेच जिथे संरक्षण ठरते, तिथे मोजणी करण्याचा उत्साह कोणाला असणार? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी म्हणून नेमलेले क्षेत्र यांच्यापासून ५० मीटर दूर असावा, अडचण असल्यास जादा सुरक्षा उपाय करून तरी ३० मीटरच्या आत येऊ नये, असे त्यांत आहे. हे पाऊल चांगले होते. परंतु अंतराच्या त्या निकषात विहिरीचे नाव नाही, शेतातल्या वस्तीचे नाव नाही. निकष शहराकडे पाहून लिहिला गेला आणि लागू झाला वाशिमलाही. शाळेपासूनचे अंतर फितीने मोजता येते. विहिरीपर्यंत पोहोचणारी चीर मोजावयाची तर जमिनीत उतरावे लागते.

हे भय काल्पनिक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी चेन्नईचे तोंडियारपेट पाहावे. २०१३ मध्ये तेथील रहिवाशांच्या बोअरला इंधनमिश्रित पाणी येऊ लागले. मूळ निघाले ते जमिनीखालून जाणाऱ्या सरकारी तेल कंपनीच्या वाहिनीत. प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. गोव्यात दाबोळीजवळच्या माटवे येथे २०२४ च्या आरंभी विहिरींत इंधन उतरले आणि एका विहिरीने पेटही घेतला. दोन्ही ठिकाणी शोध लावला तो लोकांच्या नाकाने, कोणत्याही खात्याच्या यंत्राने नव्हे. अमेरिकेसारख्या भांडवलशाहीच्या माहेरघरीही १९८४ मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा करावा लागला, १९८६ मध्ये गॅलनमागे सेंटच्या दहाव्या भागाचा कर बसवून साफसफाईचा निधी उभारावा लागला आणि १९९८ पर्यंत जुन्या टाक्या बदलण्याची वा सुधारण्याची मुदत घालावी लागली. तेथे आजवर पाच लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या. त्या देशाच्या टाक्या आपल्याहून अधिक फुटक्या होत्या असा याचा अर्थ कोणी काढू नये. तेथे शोधले, म्हणून सापडल्या.

या ठिकाणी चळवळीतल्याच काही मित्रांची एक अडचण ऐकू येते. एस्सो, बर्मा शेल आणि कॅल्टेक्स या परदेशी कंपन्या १९७४ ते १९७७ या काळात राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्या वेळी समाजवाद्यांनी त्याचे स्वागत केले. आज त्याच सार्वजनिक कंपन्यांच्या टाक्यांकडे बोट दाखविणे म्हणजे खाजगीकरणवाल्यांच्या हाती कोलीत देणे नव्हे काय? ही अडचण प्रामाणिक आहे, पण चुकीची आहे. मालकी राष्ट्राची झाली म्हणून पोलाद गंजावयाचे थांबत नाही. खाजगी कंपन्यांचे पंपही याच मुरमात टाक्या पुरीत आहेत आणि त्यांच्याकडून हिशेब मागणे तर अधिकच अवघड जाणार आहे. सार्वजनिक मालकीचा अर्थ जर जनतेने हिशेब मागण्याचा अधिकार असा नसेल, तर साहेबाच्या जागी साहेब बसला एवढेच त्याचे मोल उरेल. सार्वजनिक कंपन्यांच्या बहुतेक पंपांवर टाकी आणि यंत्रे कंपनीच्याच मालकीची असतात. तेव्हा जबाबदारीही पंपचालकाच्या गळ्यात न घालता कंपनीनेच उचलली पाहिजे.

खर्चाचे रडगाणे गाण्यासारखी ही बाब नाही. दिवसाला पाच हजार लिटर इंधन विकणारा पंप धरला, तर लिटरमागे एक पैसा बाजूला काढल्याने वर्षाला सव्वाअठरा हजार रुपये जमतात. तेवढ्यात आवाराच्या कडेला, उताराच्या बाजूने दोन-तीन निरीक्षण नळ्या राखता येतात आणि वर्षातून दोनदा त्यांतले पाणी प्रयोगशाळेत धाडता येते. खड्डा घेण्यापूर्वी आसपासच्या विहिरींचे आणि मातीचे नमुने तपासून त्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवली, तर पुढे वाद उद्भवल्यास आधी पाणी कसे होते याचा पुरावा शेतकऱ्याच्या हाती राहील. १९७२ पासून राज्यात भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा काम करीत आहे. गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी तिचे कर्मचारी वर्षानुवर्षे मोजीत आले आहेत. कोणत्या उताराला पाणी जाते हे सांगण्यास त्यांच्याहून लायक माणसे जिल्ह्यात नाहीत. १४४ व्या नियमाखालच्या चौकशीत या यंत्रणेचा अभिप्राय सक्तीचा करण्यास पैशापेक्षा इच्छेचीच गरज आहे.

भरपाईसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढण्याचा मार्ग किती लांब आहे, हे राजस्थानातील बिच्छडीने दाखविले. रासायनिक कारखान्यांनी त्या गावाच्या विहिरी नासविल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च सोसावा असा निवाडा दिला. आणि त्या पैशांच्या वसुलीचा वाद २०११ पर्यंत त्याच न्यायालयात चालू राहिला. निवाड्याचे दाखले देशभर दिले गेले, गावच्या विहिरी तशाच राहिल्या.

म्हणून जुलै २०२५ मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापन नियमांकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावयास हवे. संशयित प्रदूषित स्थळांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करावी, लोकांच्या तक्रारीही त्यात धराव्यात, राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक पाहणी करावी आणि दोषी ठरणाऱ्याने शुद्धीचा खर्च द्यावा, अशी या नियमांची रचना आहे. इतर अनेक नियमांप्रमाणे हेही फायलीत झोपी जाऊ शकतात. वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे ही सहामाही यादी माहिती अधिकाराखाली मागावी, ग्रामसभेत तिचे वाचन व्हावे, आणि ज्या गावांत पंप विहिरींच्या माथ्यावर आहे तेथे विहिरींची नोंदवही गावानेच सुरू करावी : विहीर कोणाची, खोली किती, पंपापासून अंतर किती, पाण्याला कधी वास आला.

नमुना वर्षातून दोनदा घ्यावा लागेल; एकदा ऑक्टोबरात, पाणी वर आलेले असताना, आणि एकदा मे महिन्यात, विहिरीचा तळ दिसू लागल्यावर. तो प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन चालत नाही. काचेची बाटली तोंडापर्यंत भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता घट्ट बंद करावी आणि बर्फात घालून प्रयोगशाळेत न्यावी. पोकळी राहिली तर बेंझीन वाटेतच उडून जाते आणि अहवाल निर्दोष येतो.